ट्रकचं डिझेल आणि बोटीचं डिझेल: ब्लॉक एकच, परीक्षा वेगळी

न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात मासेमारीची जुनी बोट घ्यायला निघतं. तीस-पस्तीस फुटी, दोन डिझेल इंजिनांची, बार्नेगॅटहून निघून ट्यूनासाठी हडसन कॅन्यनपर्यंत, म्हणजे खोल समुद्राच्या तळाशी असलेल्या दरीपर्यंत, जाईल अशी. मग मला फोन येतो. "इंजिनं सुरू करून बघितली. चांगली रेस दिली. धूर नाही, आवाज गोड. मेकॅनिक पण नेला होता, वीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलतोय." मी एकच विचारतो, समुद्रात नेऊन पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम आले? बहुतेक वेळा उत्तर येतं, धक्क्यावरच बघितली, न्यूट्रलला भरपूर आले.

हा घोटाळा मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो एकदा नीट लिहूनच काढतो.

घोटाळा होतो कारण इंजिन खरोखर तेच असतं. कमिन्सचं बी-सिरीज ५.९ लिटर घ्या. सहा सिलिंडर, बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०. अमेरिकेत १९८९ साली ते डॉजच्या पिकअपमध्ये आलं. पुढे जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनून आपल्याकडच्या टाटा ट्रकांत बसलं. कमिन्स हे नाव पुणेकरांना तर १९६२ पासून, किर्लोस्कर कमिन्सच्या दिवसांपासून घरचं. तेच इंजिन या बोटींमध्ये जोडीने बसलेलं दिसतं, तेव्हा ट्रकवाल्या माणसाला आपलंच घर भेटल्यासारखं वाटणं साहजिक आहे. आणि ट्रकवाल्याला जे कळतं ते त्याला उत्तम कळतं: थंड इंजिन पहिल्या झटक्याला धरतं का, ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर किती फुंकतं, निळा धूर की काळा, नोझल टपटपतात का. यात मी काही शिकवायला जात नाही. एवढंच सांगतो की विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवा, मी येण्याआधी इंजिन सुरू करायचं नाही. पोचलात की आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी या.

गिअरबॉक्स वेगळा, माउंटिंग वेगळं, वायरिंग वेगळं, हे फरक किरकोळ आहेत. थंड करण्याची पद्धत मात्र किरकोळ नाही. ट्रकला रेडिएटर आणि वारा. बोटीत रबरी इंपेलरचा पंप समुद्राचं पाणी खेचतो, ते हीट एक्स्चेंजरमधून फिरून इंजिनाचं कूलंट थंड करतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये पडून धुराबरोबर बाहेर जातं. ट्रकचा इंटरकूलर हवेवर चालतो. या बोटींच्या इंजिनांत मात्र टर्बोने दाबलेली गरम हवासुद्धा खाऱ्या पाण्यानेच थंड होते. ही हवा थंड करणारा आफ्टरकूलर आतून गंजला की खारं पाणी थेट सिलिंडरच्या वाटेवर. या ब्लॉकला वेगळे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या, नाहीत, ब्लॉकमध्येच बोअर केलेला असतो, त्यामुळे सिलिंडरला खारं पाणी लागलं की इंजिनाचं मोठंच काम निघतं. म्हणून आफ्टरकूलर उघडून, धुऊन, ग्रीस लावून, प्रेशर टेस्ट करून शेवटचा कधी बसवला, त्याची पावती मागा. "त्याने कधी त्रास दिला नाही" हे उत्तर आलं तर त्याला कुणी हात लावलेला नाही असं समजा. एल्बोसुद्धा काढून आतून बघा. बाहेरून ताजा पांढरा रंग मारलेलं इंजिन मला मुळीच आवडत नाही. गंजाचे ओघळ आणि गळतीच्या खुणा हाच तर त्याचा इतिहास असतो, तो कुणीतरी झाकून टाकलेला असतो.

पण हे सगळं कुणी ना कुणी सांगतंच. खरा पाय घसरतो तो भारावर.

माझ्या वडिलांचा ट्रक कराड-चिपळूण चालायचा. कुंभार्ली घाट चढताना भरलेल्या ट्रकचं इंजिन कसं कण्हतं हे ज्याने केबिनमध्ये बसून ऐकलंय त्याला पुढचं समजायला सोपं जाईल. घाट चढताना इंजिन पूर्ण ताकद देत असतं. पण माथा येतो, उतार लागतो, ड्रायव्हर पाय काढतो, सपाटीला वरचा गिअर पडतो. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की इंजिनाला ताकदीचा थोडाच हिस्सा खर्चावा लागतो. बोटीला उतार नाही, वरचा गिअर नाही, सुटून पुढे घरंगळणं नाही. थ्रॉटल सोडला की पाणी तिला लगेच धरतं. पंखा, म्हणजे बोटीचा प्रोपेलर, पाण्यात फिरतोय तोवर बोट घाटातच आहे. आणि म्हणून, पिकअपमध्ये जे इंजिन १६० हॉर्सपॉवरचं होतं ते बोटीत ३३० किंवा ३७० चं करून बसवलेलं असतं हे कळलं की अंगावर काटा यायला हवा. तितकाच ब्लॉक, दुप्पट ताकद, आणि तीसुद्धा ट्रकपेक्षा कितीतरी जास्त वेळ सलग.

या घाटात गिअर एकच, तो म्हणजे पंखा. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो बोट किती पुढे ढकलेल असा पात्यांचा तिरकेपणा, किती, यावर त्या इंजिनाचं आयुष्य ठरतं. ट्रकचा ड्रायव्हर चढ जड वाटला की खालचा गिअर टाकतो. बोटीला चुकून किंवा मुद्दाम जड पंखा लावला असेल तर ते इंजिन जन्मभर टॉप गिअरमध्ये घाट चढत राहतं.

आता न्यूट्रलचे आरपीएम आणि भाराखालचे आरपीएम. न्यूट्रलमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिनाला ओढायला काहीच नसतं. इंजिनाची गती आवरणारा गव्हर्नर थांबवेल तिथपर्यंत ते पळतं, आणि तो आकडा रेटेड आरपीएमच्याही, म्हणजे कंपनीने पूर्ण ताकदीसाठी ठरवलेल्या आरपीएमच्याही, थोडा वर असतो. त्यातून फार तर गव्हर्नर आणि थ्रॉटलची केबल ठीक आहे एवढं कळतं. पंखा बरोबर आहे का, इंजिन ताकद देतंय का, यातलं काही कळत नाही. भाराखाली, म्हणजे टाक्या भरलेल्या, माणसं आणि सामान चढलेलं, खुल्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललेला, अशा वेळी इंजिनाने आपले रेटेड आरपीएम गाठले पाहिजेत, किंबहुना किंचित ओलांडले पाहिजेत. ३३० हॉर्सपॉवरच्या ५.९ ला हा आकडा २८००. तिथे ते २५५० वर अडकलं, तर त्याचा अर्थ गव्हर्नर पूर्ण डिझेल सोडतोय आणि तरीही इंजिनाला पंखा पेलत नाहीये.

यावर विकणारा हमखास म्हणतो, "पूर्ण थ्रॉटलवर चालवतंय कोण? आपण २२०० ला चालवतो. तिथे किती मऊ चालते बघा." या वाक्याने मी भल्याभल्यांना फसताना पाहिलं आहे. म्हणून हिशेब मांडतो. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटींना हे प्रमाण थोडं सौम्य असतं, पण मुद्दा कळायला घन पुरे. योग्य पंखा असेल, २८०० ला ३३० हॉर्सपॉवर लागत असेल, तर २२०० ला सुमारे १६० लागतात. जड पंखा २५५० लाच समजा ३२० खात असेल, तर २२०० ला तो सुमारे २०५ खातो. म्हणजे त्याच आरपीएमला, त्याच मऊ आवाजात, इंजिन सव्वापटीहून जास्त ओझं ओढतंय. जास्त डिझेल, पण इंजिन आणि पंप त्याच गतीचे, त्यामुळे एक्झॉस्टचं तापमान चढतं. पिस्टनचे माथे, व्हॉल्व, हेड गॅस्केट हे सगळं या उष्णतेत भाजून निघतं. काट्यावर यातलं काही दिसत नाही. कूलंटचा काटा जागचा हलतही नाही, कारण हीट एक्स्चेंजर आपलं काम करतोय.

बरं, जड पंखा लावतं तरी कोण? बऱ्याचदा कुणीच लावलेला नसतो. बोट नवी असताना पंखा बरोबर होता. मग वर मासे टेहळायचा टॉवर चढला, जनरेटर आला, बर्फाची पेटी आली, दर मोसमात सामान वाढत गेलं. दहा-पंधरा वर्षांत बोट जड झाली आणि पंखा तोच राहिला. काही मालक मात्र कमी आरपीएमला जास्त वेग मिळावा म्हणून जाणूनबुजून पिच वाढवून घेतात. तो पैसा इंजिनाच्या हाडांतून वसूल होतो.

आरपीएम कमी आले म्हणजे इंजिन लगेच नापास, असंही नाही. तळाला शेवाळ आणि शिंपले चढले असतील तरीही आरपीएम पडतात. म्हणून बोट आधी पाण्याबाहेर काढायला लावा, तळ धुऊन घ्या, पंख्याच्या हबवर व्यास आणि पिचचे आकडे कोरलेले असतात ते टिपून घ्या, आणि मगच समुद्रात जा. "तळ घाण आहे म्हणून कमी येतात" हे खरं असू शकतं, पण ते धुतलेल्या तळाने सिद्ध व्हायला हवं. दुसरं, डॅशबोर्डच्या टॅकोमीटरवर विश्वास ठेवू नका. जुन्या बोटींत तो शंभर-दोनशेने सहज चुकतो. क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवा आणि हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा. दोन्ही इंजिनांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. दोघांचे पंखे सारखे, बोट एकच, तरी एक इंजिन दुसऱ्याच्या मागे राहत असेल, तर शोध तिथून सुरू होतो. मागे राहिलेलं इंजिन काळा धूरही काढत असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बो बघा. काळ्या धुराशिवाय मागे राहिलं तर डिझेलच्या फिल्टरपासून सुरुवात करा.

अवर मीटरबद्दल थोडं, कारण गाडीचे किलोमीटर बघायची सवय इथेही आडवी येते. "फक्त ९०० तास चाललंय" ही कित्येकांना शिफारस वाटते. मला वाटत नाही. जड पंख्यावर चाललेले ९०० तास हलक्या हाताने चाललेल्या ३००० पेक्षा वाईट असू शकतात. तासांपेक्षा जळलेलं डिझेल मोजावं, कारण डिझेल म्हणजेच काढून घेतलेलं काम. तासाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटरच्या आसपास डिझेल जळतं तेव्हा साधारण २० हॉर्सपॉवर मिळत असतात. मालकाकडे डिझेलच्या पावत्या किंवा वही असेल तर भागाकार करून बघा, इंजिन कसं वापरलं ते कळतं. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत तर कॉम्प्युटरमध्येच किती तास किती भारावर चाललं याची नोंद असते. ती काढून मागा. जुन्या मेकॅनिकल ५.९ मध्ये अशी नोंद नाही, म्हणून तिथे समुद्रातल्या चाचणीला दुसरा पर्याय नाही.

गेल्या वर्षी माझ्या मित्राने बघितलेल्या ३१ फुटी बोटीवर हेच झालं. धक्क्यावर दोन्ही इंजिनं झकास. समुद्रात, तळ धुतलेला, ऑप्टिकल टॅकोमीटरने डावं २५८०, उजवं २५६०. दोघांचा फरक नगण्य, दोन्हींना हलका काळा धूर, म्हणजे बोट इंजिनांवर नाही तर पंख्यांवर अडकली होती. आम्ही सौदा मोडला नाही. विकणाऱ्याच्या खर्चाने दोन्ही पंख्यांचा पिच कमी करून आणायचा, मग पुन्हा समुद्रात जायचं, असं ठरलं. दुसऱ्या फेरीत २८२० आणि २८१०. मग तेलाचे नमुने प्रयोगशाळेत गेले, आफ्टरकूलर खोलून बघितले, आणि जड पंख्यावर इंजिनं नक्की किती वर्षं चालली हे कुणालाच सांगता येत नव्हतं म्हणून किमतीतून एका हेडच्या कामाचे पैसे कमी करून घेतले.