उधारीचं गणित आणि सुंदा माणसं

‘धंदा रक्तात असावा लागतो’ हे मराठी घरांत इतक्या वेळा ऐकलंय, की कुणी रक्तगट विचारला तर ‘नोकरी पॉझिटिव्ह’ सांगावंसं वाटतं. इंडोनेशियात पश्चिम जावातल्या सुंदा लोकांनाही हेच ऐकावं लागतं. जावानीजखालोखाल देशातला हा सर्वांत मोठा समाज. पण गाव सुटत नाही, स्वभाव भिडस्त, धंदा करावा तो सुमात्रातल्या मिनांगकाबाउ लोकांनी, अशी ख्याती. उंबऱ्यात बसलेल्या मुलीचं लग्न जुळत नाही, असंही सुंदा घरांत सांगतात. रक्तातला धंदा हा समजही त्याच पंक्तीतला.

कारण याच सुंदा मुलखातल्या तासिकमालायाचे ‘तुकांग क्रेडिट’, म्हणजे उधारीवर विकणारे फेरीवाले, इंडोनेशियाभर ठाऊक आहेत. पातेली, कढया, चादरी घेऊन दारोदार फिरायचं, माल उधारीवर द्यायचा, छोटा छोटा हप्ता गोळा करून वहीत टिपायचा. ना तारण, ना जामीन.

मग गिऱ्हाईक बुडवत का नाही? समजा, १०० रुपये देणं उरलंय. फेरीवाला दारी येत राहिला तर दर फेरीला गिऱ्हाइकाची २० रुपयांची सोय होते. संबंध पुढच्या फेरीपर्यंत टिकण्याची शक्यता ‘श’ धरू. सगळ्या फेऱ्यांची बेरीज २० + २०श + २०श² + … म्हणजे २० ÷ (१ − श). श ०.५ असेल तर ४० रुपये, म्हणजे बुडवण्यात फायदा. श ०.९ झाला की २००, आता बुडवणारा मूर्ख. पाचपट फरक, आणि माणूस तोच! शिवाय हप्ता छोटा आणि वरचेवर, म्हणून १००चा आकडाही घटत जातो.

संस्कृती शिरते ती या ‘श’मध्ये. ‘सिलिह असाह, सिलिह असिह, सिलिह असुह’, म्हणजे एकमेकांना घडवा, जीव लावा, सांभाळा, हे सुंदा घरात लहानपणापासून कानावर पडतं. ऐकायला भिंतीवरचा सुविचार. पण धंद्यातला ‘असुह’ पाहा: मालक गावातलीच पोरं शहरात आणतो, झोपायला जागा, विकायला माल देतो, वसुलीच्या खुब्या शिकवतो; पुढे पोरगा स्वतःची वही उघडतो. वसुली घेऊन पळावं, तर आईबाप मालकाच्या घरापासून दोन घरं सोडून राहतात. मायेला असे दात असतात. याच मुलखातल्या गारुतचे न्हावीही असेच एकामागून एक शहरांत गेले, इतके की ‘अस्गार’, म्हणजे अस्सल गारुतचा, ही त्यांची खूणच झाली.

हीच माया उलटतेही. परक्याकडे हप्ता मागता येतो. मावसभावाने कढई नेली, तर वहीतलं ते पान कोरंच राहतं.