अमेरिकेतील नर्सिंग होम आणि रहिवाशांचे मानसिक आरोग्य : पार्श्वभूमी

नर्सिंग होम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लहान खासगी रुग्णालय येते. अमेरिकेत मात्र, ज्यांना रोजचे व्यवहार एकट्याने जमत नाहीत अशी, बहुतांशी वृद्ध माणसे जिथे वर्षानुवर्षे आणि पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात, त्या निवासी संस्थेला हे नाव आहे. तिथल्या रहिवाशांच्या मनाची काळजी कोणी घ्यायची, हे वैद्यकाइतकेच खर्चाच्या नियमांनीही ठरवले.

१९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांचा भार मुख्यतः राज्यांवर होता. १९६५ साली मेडिकेड ही गरिबांच्या उपचारांचा खर्च केंद्र आणि राज्ये मिळून उचलतात अशी योजना आली. नर्सिंग होमच्या खर्चात केंद्राचा वाटा मिळू लागल्याने राज्यांना तो मार्ग स्वस्त पडला आणि असंख्य वृद्ध मनोरुग्ण तिकडे हलवले गेले. तिथे मानसोपचाराची सोय फारशी नव्हती. अस्वस्थ माणसाला खुर्चीला बांधून ठेवणे किंवा गुंगीची औषधे देणे सर्रास चाले.

१९८७ च्या सुधारणा कायद्याने हे चित्र पालटायला सुरुवात केली. प्रत्येक रहिवाशाचे शारीरिक, मानसिक आणि मनोसामाजिक स्वास्थ्य शक्य तितके उत्तम राखणे हे संस्थेचे कर्तव्य ठरले, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यास व औषधाने गुंगवण्यास मनाई झाली आणि गंभीर मानसिक आजार आहे का, याची प्रवेशापूर्वी तपासणी सक्तीची झाली. १२० हून अधिक खाटा असतील तर पूर्णवेळ समाजकार्यकर्ता आवश्यक झाला. मानसशास्त्रज्ञ नेमण्याची सक्ती मात्र झाली नाही.

१९९० पासून मानसशास्त्रज्ञांना मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या केंद्र सरकारच्या आरोग्य विम्याकडून, थेट मोबदला मिळू लागला. तरीही इतर उपचारांत रुग्णाचा वाटा २० टक्के असताना मानसोपचारात तो सुमारे निम्मा होता, आणि ही तफावत पूर्णपणे मिटायला २०१४ साल उजाडले. औषधांचा इतिहास अधिक दुःखद आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मनोविकारविरोधी औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा अधिकृत इशारा २००५ मध्ये दिला गेला होता. तरी २०११ च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी जवळजवळ २४ टक्के रहिवाशांना ती दिली जात होती. ती कमी करण्याची देशव्यापी मोहीम २०१२ मध्ये सुरू झाली.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल दिसायला किरकोळ आहे. रहिवाशाच्या ठरावीक काळाने होणाऱ्या मूल्यमापनात नैराश्याच्या नोंदी पूर्वी कर्मचारी आपल्या निरीक्षणावरून करत. ऑक्टोबर २०१० पासून, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, कशात रस वाटेनासा झाला का, हे रहिवाशालाच विचारले जाऊ लागले. जे स्वतः सांगू शकत नाहीत, त्यांच्यापुरताच निरीक्षणाचा पर्याय ठेवण्यात आला.