धर्मादाय: पैसा गिऱ्हाइकाचा, पुण्य शेठजींचे

आडत्याच्या जुन्या हिशेबपट्टीवर हमाली-तोलाईच्या खाली 'धर्मादाय' असा एक रकाना असे. रक्कम किरकोळ. पण ती शेठजींच्या नफ्यातून जात नसे, समोरच्याकडूनच कापून घेतलेली असे. शेठजी ती साठवून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोईकडे वळवीत आणि नावाची पाटी लागे ती त्यांच्या.

दान गरजवंतालाच, हा अर्थही तसा अलीकडचा. पेशवाईत पुण्यात श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा विद्वान ब्राह्मणांसाठी होती. तिथे 'सत्पात्री', म्हणजे लायक माणसाला, हा शब्द मोलाचा, पोट रिकामे आहे का हा प्रश्न नंतरचा.

खरा घोळ झाला तो कोर्टात. एका गृहस्थाने मृत्युपत्रात उरलेली मालमत्ता 'धरम'साठी ठेवली. मुंबईतला हा दावा लंडनपर्यंत गेला आणि 1899 मध्ये तिथल्या अपिली न्यायसभेने ती देणगी रद्द ठरवली. कोशात धर्माचे अर्थ कायदा, सद्गुण, कर्तव्य असे अनेक. मग विश्वस्तांनी पैसा नेमका कशावर खर्च करायचा आणि कोर्टाने तरी तपासायचे काय? तर्क इंग्रजी कायद्याला धरून होता. पण ज्या शब्दावर इथला अख्खा बाजार चालत होता, तो अर्थहीन ठरवण्यासारखेच हे होते. वारसांचे मात्र फावले.

मुंबई राज्याच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने यावर तोडगा काढला. धर्म, धर्मादा, पुण्यकार्य असे मोघम उद्देश लिहिले, एवढ्याच कारणाने ट्रस्ट रद्द होणार नाही, असे कलम 10 सांगते. कलम 54 त्याहून बोचरे: धर्मादाय म्हणून घेतलेल्या पैशाचा व्यापारी मालक नाही, विश्वस्त आहे, त्याने हिशेब द्यावा. पुढे उत्तर प्रदेशातल्या एका सूतगिरणीच्या प्राप्तिकराच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही हेच मान्य केले. ही रक्कम गिरणीचे उत्पन्न नव्हे आणि व्यापाऱ्यांच्या बोलीत 'धर्मादा' हा शब्द मोघमही नव्हे.

आज हा शब्द ऐकू येतो तो दवाखान्यांमुळे. 1985 मध्ये याच कायद्यात धर्मादाय दवाखान्यांसाठी कलम 41 अअ आले. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना घालून दिली: 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, तातडीच्या रुग्णाकडून अनामत न मागता भरती. खाटा शिल्लक आहेत की नाहीत, यावरून तेव्हापासून भांडणे चालू आहेत. जागा आणि करसवलती घेताना संस्था धर्मादाय असते. रेशनकार्ड पुढे केले की खाट भरलेली निघते.

खर्चासाठी निर्धन रुग्ण निधी आहे. त्यात एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम बाजूला काढायची असते, म्हणजे पैसे भरणाऱ्या रुग्णांच्याच बिलातून. पट्टीवर निदान तसा रकाना तरी असे.