वेलिंग्टन बूट आणि चिखलातील पायपीट: पार्श्वभूमी

ब्रिटनमधील शेतवाटांवरून आणि नदीकाठच्या भिजलेल्या कुरणांतून तासन्‌तास चालणाऱ्याला वेलिंग्टन बूट (पोटरीपर्यंत येणारा, नाडी नसलेला रबरी बूट) निवडताना दोन प्रश्न सतावतात. बुटात टाच वरखाली का होते, हा पहिला. आणि चांगले पैसे मोजूनही काही हिवाळ्यांतच घोट्याजवळचे रबर का तडकते, हा दुसरा. दोन्हींची मुळे या बुटाच्या जडणघडणीत आहेत. आज चालण्यासाठी म्हणून घेतला जाणारा हा बूट त्याच्या इतिहासाच्या बहुतेक काळात लांब चालीसाठी घडवला गेलाच नाही. तो घोडेस्वारीसाठी, खंदकातील पाण्यात उभे राहण्यासाठी आणि गोठ्यातील कामासाठी घडला, आणि चालणाऱ्यांनी तो पुढे आपलासा केला.

मूळ बूट चामड्याचा होता. 1803 मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेल्या आणि पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनानीने लंडनच्या आपल्या चर्मकाराकडून त्या काळच्या हेसियन बुटात (गोंडे लावलेल्या उंच चामडी बुटात) बदल करून घेतले. गोंडे गेले, वासराचे मऊ चामडे आले, टाच बुटकी झाली आणि बूट पोटरीला बेताने बसू लागला. पुढच्या घडामोडींच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे: तो बूट एका माणसाच्या पायासाठी शिवला जाई आणि वापरता वापरता चामडे त्या पायाचे वळण घेई.

रबराने ही सोय संपवली. गंधकासह रबर तापवून ते टिकाऊ करण्याची प्रक्रिया 1840 च्या दशकात हाती आल्यावर 1853 मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचे उत्पादन सुरू झाले आणि लाकडी जोडे घालून शेतात राबणाऱ्यांनी ते उचलून धरले. 1856 मध्ये दोन अमेरिकी उद्योजकांनी एडिंबरामध्ये रबराचा कारखाना काढला. रबरी बुटातून पाणी आत येत नाही, तसाच घामही बाहेर जात नाही. शिवाय तो ठरावीक मापाच्या फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर) घडतो, त्याला नाडी नसते, आणि पाय आत घालता-काढता यावा म्हणून घोट्यापाशी जागा मोकळी ठेवावीच लागते. टाच उचलली जाण्याचे मूळ याच मोकळ्या जागेत आहे.

पहिल्या महायुद्धात या बुटाची मागणी अफाट वाढली. पाण्याने भरलेल्या खंदकांत सैनिकांचे पाय दिवसेंदिवस ओले आणि थंड राहून सडू लागले, तेव्हा ब्रिटिश युद्ध खात्याने एडिंबराच्या त्या कारखान्याकडे बुटांची मागणी नोंदवली आणि युद्ध संपेपर्यंत तिथून 11 लाख 85 हजारांहून अधिक जोड बाहेर पडले. त्या काळचे मांडीपर्यंत येणारे रबरी बूट सैनिकाच्या मालकीचे नसत. ते खंदकाच्या सामानात धरले जात, आणि एक तुकडी मागे हटली की बूट तिथेच ठेवून जाई व पुढच्या तुकडीचे पाय त्यांत शिरत. अशा व्यवस्थेत नेमक्या मापाचा विचार होणे शक्यच नव्हते. बूट कोरडा, उंच आणि चटकन घालता येण्याजोगा असला की पुरे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गोल चवड्याचा, जाड तळव्याचा आणि पुरेसा ऐसपैस रबरी बूट शेतमजुरापासून शाळकरी मुलापर्यंत सगळ्यांच्या पायांत आला, पण त्याच्या घडणीतला हा सैलपणा कायम राहिला.

पायी भटकणाऱ्यांची चळवळ याच सुमारास ब्रिटनमध्ये जोर धरत होती. 1949 च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने आणि पायवाटांच्या नोंदींचा पाया घातला, 1965 मध्ये पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा मार्ग खुला झाला. डोंगरमाथ्यावर जाणाऱ्यांनी नाडीचे चामडी बूटच पसंत केले, आणि ते योग्यच होते. वेलिंग्टनला जागा मिळाली ती सखल भागात: नांगरलेल्या शेताच्या कडेने जाणारी वाट, गुरांनी तुडवलेले फाटक, कुत्र्याला घेऊन रोज केलेली फेरी. (ओढे ओलांडत जाणाऱ्या सह्याद्रीतील पावसाळी वाटेवर हा बूट निरुपयोगी ठरतो, कारण काठावरून एकदा पाणी आत शिरले की ते बाहेर पडायला वाटच नसते.) 2001 मध्ये गुरांच्या लाळ-खुरकुत रोगाची साथ पसरली, तेव्हा ब्रिटनभर पायवाटा बंद झाल्या आणि नंतर अनेक ठिकाणी बूट जंतुनाशकात बुडवूनच पुढे सोडले जाई. सहज धुता येणाऱ्या रबरी बुटाचा हा गुण तेव्हा प्रकर्षाने दिसला.

1950 च्या दशकाच्या मध्यास एडिंबराच्या त्याच कंपनीने हिरवा बूट बाजारात आणला. कामगारांचा बूट काळा असे. हिरवा बूट हळूहळू जमीनजुमला आणि शिकारीशी जोडला गेला. 1981 मध्ये राजघराण्यातील भावी सुनेचे बाल्मोरल येथील छायाचित्र आणि 2005 मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवातील एका मॉडेलचे छायाचित्र, या दोहोंनी तो शहरी कपाटांतही पोहोचवला.

यापुढचा निर्णय आजही वादाचा आहे. आर्थिक अडचणीमुळे 2006 मध्ये ही कंपनी प्रशासकांच्या (कर्जात बुडालेल्या कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्यांच्या) ताब्यात गेली, मालकी बदलली, आणि 2008 मध्ये स्कॉटलंडमधील उत्पादन थांबवून ते चीनमध्ये हलवण्यात आले. जुन्या ग्राहकांचे म्हणणे असे की, आधीचे जोड दहा-दहा वर्षे चालले आणि नवे चवड्याच्या घडीवर आणि घोट्याजवळ लवकर फाटू लागले. स्थलांतराच्या बाजूने मांडता येण्याजोगा युक्तिवादही वजनदार आहे: नैसर्गिक रबर मुळातच आशियातून येते, आणि घडवण्याची रीत जागा बदलल्याने बदलत नाही. ही रीत मेहनतीची आहे. फर्म्यावर कापडी अस्तर चढवले जाते, त्यावर रबराच्या पत्र्यातून कापलेले तुकडे एकेक करून हाताने बसवले जातात (या बुटाच्या जाहिरातीत 28 भागांचा उल्लेख असे), आणि मग सगळा बूट भट्टीत पक्का होतो. तुकड्यांचे जोड नीट दाबले गेले नाहीत, तर पाणी तिथूनच शिरते. त्यामुळे अनुभवी हात गमावल्याची तक्रार खोडून काढता येत नाही. तरीही सारा दोष कारखान्याच्या पत्त्यावर टाकणे मला पटत नाही. महोत्सवासाठी आणि पावसाळी फॅशनसाठी बूट घेणाऱ्या नव्या ग्राहकाला हलका, मऊ, चकचकीत बूट हवा होता, आणि दिवसाला दहा किलोमीटर चिखल तुडवणाऱ्याला जाड रबर हवे होते. एकाच नावाखाली दोघांना खूश करण्याच्या प्रयत्नात चालणारा माणूस मागे पडला. 2023 मध्ये कंपनी पुन्हा प्रशासकांकडे गेली आणि तिचे नाव एका अमेरिकी ब्रँड-समूहाने विकत घेतले.

तडकण्याचे रासायनिक कारण यापेक्षा सरळ आहे. ताणलेल्या नैसर्गिक रबरावर हवेतील ओझोन हल्ला करतो, म्हणून भेग नेहमी पाऊल जिथे दुमडते तिथेच पडते. रबरात खडूसारखी भर जास्त घातली, तर बूट स्वस्त होतो आणि लवचीकता घटते. बुटावर येणारी पांढुरकी झाक पाहून अनेक जण तो सदोष समजतात. प्रत्यक्षात रबरातील मेण किंवा गंधक पृष्ठभागावर आल्याने ती दिसते, मेणाचा थर ओझोनपासून रक्षणच करतो, आणि नैसर्गिक रबराच्या बुटात ती सर्रास आढळते. बूट वाकवून कोंबून ठेवणे, हीटरशेजारी वाळवणे आणि उन्हात टाकणे, या तीन सवयी उत्तम रबरालाही लवकर संपवतात.

साच्यात ओतून तयार होणाऱ्या पीव्हीसी बुटाने स्वस्ताईचा प्रश्न सोडवला, पण तो थंडीत ताठरतो आणि वर्षे गेली की प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य निघून जाऊन ठिसूळ होतो. पॉलियुरेथेन या फेसाळ प्लॅस्टिकचा बूट सूक्ष्म हवेच्या बुडबुड्यांमुळे हलका आणि उबदार असतो. डेअरी आणि मासळी उद्योगात तो रुजला तो त्यामुळेच. चालणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल मात्र निओप्रीनच्या अस्तराने घडवला. 1930 च्या दशकापासून उपलब्ध असलेले हे कृत्रिम रबर फेसाच्या रूपात बुटात आले, तेव्हा ऊब तर मिळालीच, शिवाय घोट्याभोवतीची मोकळी जागा भरून निघाली. उन्हाळी चालीत त्याच अस्तरात पाय घामाने भिजतो, त्यामुळे वर्षभर एकच जोड वापरणाऱ्याला ते त्रासदायक ठरू शकते.

बाजूला बकल असलेला पट्टाही या काळातच लोकप्रिय झाला आणि पट्टा आवळला की टाच उचलली जात नाही, असा गैरसमज त्यातून रूढ झाला. पट्टा पोटरीपाशी बूट आवळतो, टाच मात्र पावलाच्या वरच्या उंचवट्यावर मिळणाऱ्या पकडीने जागेवर राहते. म्हणून लांब चालीसाठी बूट पाहताना जाड मोजा घालून दुकानातच चढ-उतार करून टाच किती उचलली जाते हे पाहावे, आणि आत दुसरा तळवा घालून पाऊल थोडे वर आणता येते का तेही तपासावे. तळव्यावरील खाचा खोल आणि एकमेकींपासून दूर असल्या, तर चिकण माती चालता चालता झडते. दाट खाचांत ती बसून राहते आणि काही पावलांतच तळवा गुळगुळीत होतो. रबराचे प्रमाण बहुतेक खोक्यांवर छापलेले नसते, त्यामुळे ग्राहकाला घोट्याजवळ बूट दाबून, दुमडून, त्याची जाडी आणि पूर्ववत होण्याचा वेग हातानेच अजमावावा लागतो.