पायात मोडलेली सुई काळजात जाते?

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी शिलाई मशीन. गणवेशाचं काम आलं की फरशीवर सुया सांडणारच. त्यातली एखादी टाचेत मोडली, की शेजारची आजी हमखास घाबरवते, "काढ लवकर, चोवीस तासांत रक्तातून काळजात जाईल!"

असं होत नसतं. पायातल्या बारीक शिरांतून वाहत जायला शिवणाची सुई फार लांब आणि ताठ असते. ती मांसातच रुतून बसते आणि शरीर तिच्याभोवती चिवट तंतूंचं आवरण तयार करतं. म्हणून कित्येकांच्या पायात तुकडा वर्षानुवर्षं पडून असतो. भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि घरचे चाट पडतात. स्नायूंच्या हालचालीने सुई थोडी सरकते, हे खरं. छातीत घुसलेली सुई हृदयापर्यंत पोचल्याच्या नोंदीही आहेत. अफवेचं मूळ बहुधा तिथंच. पण टाच कुठे, छाती कुठे!

चिमट्याने उकरू नका, सुई आणखी आत जाते. डॉक्टरांकडे जा, एक्स-रे आणि गरजेप्रमाणे धनुर्वाताचं इंजेक्शन होईल. तुकडा आतच राहिला असेल, तर एमआरआयच्या आधी तेवढं सांगा. त्या तपासणीच्या मशीनमधलं मोठं चुंबक सुईच्या पोलादाला ओढतं.