जन्मदाखल्याचा अर्ज परत का येतो: हरवलेली नोंद, राहिलेलं नाव आणि एका वर्षाची मुदत

नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागातून परत येणाऱ्या अर्जांवर ठरलेला शेरा असतो: ‘नोंद आढळून येत नाही’. तो वाचला की माणसं थेट प्रतिज्ञापत्र करायला धावतात, आणि तिथूनच हेलपाटे सुरू होतात. त्याआधी आपली अडचण नेमकी कोणती ते ठरवा. नोंद मुळात झालीच नाही, की झाली पण बाळाचं नाव भरायचं राहिलं, की नोंदीत चूक आहे, की नोंद व्यवस्थित आहे पण शोध भलत्याच कार्यालयात चाललाय? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात या अडचणींना वेगवेगळी कलमं आहेत आणि अर्जही वेगळे आहेत. एकाचा कागद दुसऱ्याला जोडला तर अर्ज परत येणारच.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. आई-वडील कुठे राहतात याचा तिथे संबंध नाही. सासर फलटणचं, पण पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी बारामतीला गेली, तर नोंद बारामती नगरपरिषदेत. फलटणला कितीही वेळा अर्ज केला तरी उत्तर ‘आढळून येत नाही’ असंच येईल, आणि ते खरंच असेल. बाळंतपण खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झालं असेल तर नोंद ग्रामीण बाजूकडे असते, तिथे पूर्वीचे ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी यांच्यापासून सुरुवात करा. हद्दवाढीचाही घोळ होतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. कितीतरी तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. अशा ठिकाणी ‘ग्रामपंचायतीची जुनी जन्मनोंदवही सध्या कोणाच्या ताब्यात आहे?’ असं अर्जातच लेखी विचारा. तोंडी विचारलं तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात.

शोधाचा अर्ज कलम १७ खाली होतो. त्यात बहुतेक जण फक्त जन्मतारीख लिहितात. नोंदवही मात्र नोंदणीच्या तारखेप्रमाणे चालते. २८ डिसेंबरला जन्मलेल्या बाळाची नोंद पुढच्या वर्षाच्या वहीत जानेवारीच्या पानावर असू शकते. लिपिकाने डिसेंबरचं पान उलटलं, नाव दिसलं नाही, विषय संपला. म्हणून अर्जात जन्मतारखेपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांची पानं पाहण्याची विनंती करा आणि वर्ष नक्की आठवत नसेल तर मागचं-पुढचं वर्षही मागा. जुन्या नोंदींत बाळाचं नाव बहुधा नसतंच. नुसतं ‘मुलगी’ असतं आणि शेजारी आई-वडिलांची नावं. शोध त्या नावांवरून घ्यायला सांगा. आईचं माहेरचं नावही लिहा, कारण माहेरच्या गावातल्या दवाखान्यात केसपेपर काढताना बाळाच्या आजोबांनी आपल्या मुलीचं माहेरचंच नाव सांगितलेलं असतं आणि दवाखान्याकडून तेच पुढे जातं. फार जुन्या जन्मांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तेही पाहून घ्या.

एवढं करूनही नोंद मिळाली नाही, तर अनुपलब्धतेचा, म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचा, दाखला मागायचा. नमुना क्रमांक १०. बऱ्याच अर्जदारांकडे नसतो तो हाच कागद. अर्जावर मारलेला ‘आढळून येत नाही’ हा शेरा म्हणजे हा दाखला नव्हे. दाखल्यावर कोणत्या वर्षाची नोंदवही तपासली ते लिहिलेलं हवं आणि निबंधकांची, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यांची, सही-शिक्का हवा. तोही जन्मस्थळाच्या निबंधकांचाच. राहत्या गावचा आणून उपयोग नाही.

आता मुदती. जन्म २१ दिवसांत कळवला तर शुल्क नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून निबंधकच नोंद करतात. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हा दंडाधिकारी, प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने ते महसूल यंत्रणेकडे आलं. अजूनही काही जण जुन्या माहितीवर विसंबून कोर्टात वकील लावतात. तो खर्च करू नका.

आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला अधिकार आहे का, हेही बघा. महाराष्ट्रात दुरुस्तीनंतर नायब तहसीलदारांच्या सहीने निघालेले आदेश २०२५ मध्ये शासनाने रद्द ठरवले आणि १२ मार्च २०२५ ला नव्या सूचना काढल्या. आता कागदपत्रांची छाननी, जाहीर सूचना देऊन हरकती मागवणं आणि पोलिसांकडून पडताळणी, हे सगळं होतं. खोटी माहिती दिल्यास गुन्हा दाखल होतो. झटपट आदेश काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती कागद देऊ नका. गुन्हा अर्जदारावर दाखल होतो.

पुराव्यात वजन असतं ते जन्माच्या वेळी तयार झालेल्या कागदाला. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, प्रसूती नोंदवहीचा उतारा, माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाचं कार्ड. घरी बाळंतपण झालं असेल तर अंगणवाडी किंवा आरोग्य उपकेंद्राच्या वहीतली नोंद शोधा. मोठ्या माणसांच्या बाबतीत पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. शेवटच्या शाळेचा सोडल्याचा दाखला तुलनेने दुबळा. आधार कार्ड जोडायचंच, पण त्यावरची तारीख सांगण्यावरून पडलेली असू शकते, म्हणून नुसत्या आधारवर जन्म सिद्ध होत नाही.

इथे १ जूनचा प्रश्न येतो. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावला, तोच सगळ्या कागदांवर चढला, आणि घरचे मात्र ‘दिवाळीच्या आसपासचा’ म्हणतात. अर्जात दोन तारखा कधीच देऊ नका. प्रतिज्ञापत्र, अर्ज, शाळेचा उतारा सगळीकडे एकच तारीख हवी. दवाखान्याचा कागद वेगळी तारीख दाखवत असेल तर तो लपवू नका, फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा. भावंडांच्या तारखाही ताडून बघा. थोरल्याच्या आणि धाकटीच्या जन्मात कागदावर पाच महिन्यांचं अंतर निघालं, तर अर्ज तिथेच थांबतो आणि तो थांबणं बरोबरही आहे.

नाव राहिलं असेल तर ही सगळी दगदग लागतच नाही. नोंद आहे, नावाचा रकाना कोरा आहे, तर कलम १४ खाली साधा अर्ज. नोंदणीपासून १२ महिन्यांत विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मुदत नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, जन्मतारखेपासून नव्हे; या दोन्हींत अंतर असेल तर ते तुमच्या बाजूचं असतं. जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदत वाढवलेली आहे, तेव्हा १५ वर्षं उलटली असली तरी सध्या लागू असलेला आदेश कोणता, ते विचारल्याशिवाय परत फिरू नका. नाव घालताना मात्र घाई नको. पाळण्यातलं की पत्रिकेतलं, शुद्धलेखन कसं, वडिलांचं नाव आणि आडनाव कसं, हे घरात बसून ठरवा. एकदा चढलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही; राजपत्रात नाव बदललं तरी जन्मनोंदवहीतलं मूळ नाव तसंच राहतं.

चूक दुरुस्त करायला कलम १५. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. चूक दवाखान्याच्या फॉर्ममध्ये झाली असेल तर दवाखान्याचं पत्र आणि त्यांच्या नोंदवहीची प्रत आणा. आईचं माहेरचं नाव लागलेलं असेल तर लग्नाचा दाखलाही जोडा.

खूप जण अर्ज करतात ते निव्वळ भीतीने. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठीच शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांना जन्मदाखला हा जन्माचा एकमेव पुरावा ठरवला आहे. सत्तर वर्षांच्या आजींना त्यासाठी प्रांताच्या दारात उभं करण्याची गरज नाही. लहान मूल असेल तर मात्र आजच दाखला हातात आहे का ते बघा.

आणि निबंधकांनी नकार दिला तर तो लेखी घ्या. २०२३ पासून कलम २५-अ खाली निबंधकांच्या निर्णयावर जिल्हा निबंधकांकडे ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्याचा निकाल ९० दिवसांत द्यावा लागतो. ‘साहेब नाही म्हणाले’ यावर अपील होत नाही. अर्ज आवक-जावक टेबलावर द्या, स्वतःच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि ती प्रत घरच्या फाईलमध्ये जपून ठेवा.