डोळ्यांखालची काळी वर्तुळे: आधी प्रकार ओळखा, मग क्रीम घ्या

एकाला गुण आलेले क्रीम दुसऱ्याला महिनोन् महिने लावूनही उपयोगी पडत नाही, कारण सगळ्यांची काळी वर्तुळे एकाच कारणाने होत नाहीत. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असते आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतोच. त्यामुळे त्वचेतले जास्तीचे रंगद्रव्य, खालच्या रक्तवाहिन्या किंवा डोळ्याखालचा खळगा, जे असेल ते लगेच दिसते. आमचे आय क्रीम यातल्या रंगद्रव्यावर चांगले चालते, रक्तवाहिन्यांवर फारसे नाही आणि खळग्यावर अजिबात नाही. म्हणून विकत घेण्याआधी पुढची तपासणी घरीच करा.

आरशासमोरची तपासणी

मेकअप न लावता, दिवसाच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून उभे राहा. वर्तुळाखालची त्वचा बोटाने हलकेच खाली ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही तसाच राहिला, तर ते रंगद्रव्य आहे. निळसर-जांभळा असून ताणल्यावर आणखी गडद झाला, तर रक्तवाहिन्या दिसत आहेत. आता हातात आरसा धरून हनुवटी वर करा, म्हणजे उजेड सरळ डोळ्यांखाली पडेल. वर्तुळ जवळजवळ नाहीसे झाले, तर ती खळग्याची किंवा वर आलेल्या फुगवट्याची सावली होती. बऱ्याच जणांमध्ये दोन प्रकार एकत्र असतात. अशा वेळी जो ठळक दिसेल त्यापासून सुरुवात करा.

तपकिरी वर्तुळे

घराण्यात असतील तर ती पूर्ण जात नाहीत, फिकी मात्र होतात. ती वाढवणारे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे डोळे चोळणे. चोळल्याने त्वचेला बारीक दाह होतो आणि दाह उतरताना मागे काळपटपणा ठेवून जातो. त्यामुळे खाज थांबवल्याशिवाय कोणत्याही क्रीमचा पैसा वसूल होत नाही. मेकअप काढतानाही घासू नका. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवा आणि मग अलगद पुसा.

दिवसा सनस्क्रीन हवेच: एसपीएफ ३० किंवा अधिक, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, कारण ते डोळ्यांना कमी झोंबते. आयर्न ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन मिळाले तर उत्तम. सावळ्या त्वचेचे डाग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधे पांढरे सनस्क्रीन तो प्रकाश पुरेसा अडवत नाही.

आमच्या क्रीममध्ये ४ टक्के नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा प्रकार) आणि ०.१ टक्का रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा प्रकार) आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला सलग चार दिवस लावून पाहा. तिथे लाली किंवा खाज आली नाही, तरच चेहऱ्याला लावा. दोन्ही डोळ्यांना मिळून मटाराच्या दाण्याएवढे पुरते. रात्री कोरड्या त्वचेवर, डोळ्याखालच्या हाडाच्या कडेने, अनामिकेने टेकवत लावा. पापणीच्या केसांपर्यंत नेऊ नका, क्रीम झोपेत वर सरकते आणि डोळे झोंबतात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, नंतर एक दिवसाआड. लवकर फरक पडावा म्हणून रोज दुप्पट लावले, की त्वचा सोलवटते, खाजते, चोळली जाते आणि वर्तुळ आधीपेक्षा काळे होते. सोलवटली तर क्रीम थांबवून बरे होईपर्यंत नुसती पेट्रोलियम जेली लावा. गरोदर असाल, किंवा गरोदर राहण्याचा विचार असेल, तर रेटिनॉल असलेले हे क्रीम वापरू नका.

फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा. रोज आरशात पाहून बदल कळत नाही. १२ आठवड्यांनी फोटोत काहीच फरक नसेल, तर दुसरी ट्यूब घेऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा लेझर त्यांच्याच हातून करावे. डोळ्याजवळ चुकले तर नवे डाग पडतात.

निळसर-जांभळी वर्तुळे

सर्दी किंवा ॲलर्जीने नाक सतत चोंदत असेल, तर डोळ्यांखालच्या शिरांत रक्त तुंबते. इथे खरा उपचार नाकाचा. रक्त कमी असेल तर त्वचा फिकी पडते आणि शिरा उठून दिसतात. हिमोग्लोबिन तपासा, पण अंदाजाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. सकाळी सूज असेल तर गार पाण्यात पिळलेला रुमाल ५ ते १० मिनिटे ठेवा आणि रात्री उशी थोडी उंच घ्या. हा उतार काही तासांचाच असतो. कॅफीनच्या जेलचेही तसेच.

सावली

खळगा भरायला डॉक्टर हायलुरोनिक ॲसिडचे फिलर देतात. ते उथळ बसले तर त्वचा निळसर दिसते, आणि क्वचित ते रक्तवाहिनीत गेले तर दृष्टीलाही धोका असतो. म्हणून किंमत पाहून दवाखाना निवडू नका. फुगवट्याला शस्त्रक्रिया लागते. दोन्ही नको असेल, तर पीच रंगाचा करेक्टर आणि त्यावर पातळ कन्सीलर पुरेसा आहे.

हे लावू नका

लिंबाचा रस, टूथपेस्ट, आणि घटक न छापलेली गोरेपणाची क्रीम. अशा क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. सुरुवातीला त्वचा उजळते, नंतर पातळ होते, शिरा जास्त दिसतात आणि सततच्या वापराने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

थेट डॉक्टरांकडे कधी

डोक्याला मार लागल्यानंतर दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे झाले, तर लगेच रुग्णालयात जा. एकाच डोळ्याखाली नव्याने काळेपणा किंवा सूज आली तरी दाखवून घ्या. काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्टचे थेंब घालत असाल, तर पापण्यांचा काळपटपणा त्यांचाही असू शकतो. थेंब स्वतःहून बंद करू नका. घातल्यावर बाहेर ओघळलेले औषध लगेच टिपून घ्या आणि काळेपणाबद्दल नेत्रतज्ज्ञांना सांगा.